अकराव्या वळणाचं धुकं

बुधवार पेठ, सोलापूर
३ नोव्हेंबर २०२५

हुसेनबीस,

भीमाबाईचा जय भीम, आणि तुझ्या घरातल्या सगळ्यांना सलाम. बोलतेय मी, लिहितेय आमची सूनबाई बुद्धप्रिया. तिला आधीच बजावलंय, मी 'लई' म्हटलं की 'लई'च लिहायचं. तिथं 'अतिशय' घातलं की माझ्या बोलण्याला इस्त्री मारल्यागत होतं. दिवसभर जिल्हा परिषदेत 'सविनय सादर' लिहून हिचा हात बिघडलाय. हे पण लिही गं. लिहिलं बघ, तोंड वाकडं करून का होईना.

तू बार्शीला लेकाकडं गेलीस आणि तुझ्या कानांनी संप केला. फोनवर मी घसा फाडते आणि तू आपली 'हॅलो, हॅलो'. शेजारीपाजारी सगळे ऐकतात, तू सोडून. म्हणून हा कागदाचा कारभार. तुझ्या लेकाचा, उमरचा टेम्पो दर आठवड्याला धान्य घेऊन सोलापुरात येतोच, तो आपला टपालवाला.

आता कामाचं. 'अकरावं वळण' बघतेस ना? उमर म्हणाला, अम्मीनं शुक्रवारी घरातलं सगळं बंद करून ठेवलंय. तसंच हितं. पाच भाग झाले आणि घरात रोज भांडण. धर्मपाल म्हणतो, "आई, एक बाई चहा गाळते ते मला अर्धा तास बघायला लावता, ही काय मालिका झाली?" बुद्धप्रिया म्हणते, पेपरात लई नाव झालंय, बक्षिसं मिळालीत, ती संथच बघायची असते. संथ काय, कृष्णा नदी आहे का ती?

मला मात्र आवडली. राघवन ठेकेदाराची जीप अकराव्या वळणावर दरीत सापडते, माणूस सापडत न्हाय. फौजदार रोज येऊन त्याच्या बायकोला, देवकीला, तेच तेच विचारतो. सगळी गल्ली म्हणते हिनंच नवऱ्याला ढकलला. मी म्हणते, न्हाय. बाई गरीब आहे. तिचा आवाज ऐक जरा (म्हणजे ऐकता आला असता तर). खोटं बोलणाऱ्याचा आवाज शेवटच्या शब्दाला चढतो. आपल्या विडी कारखान्यातला मुकादम 'विड्या बारीक आहेत' म्हणून अर्ध्या बाजूला काढायचा, तेव्हा चढायचा तसा. देवकीचा आवाज शेवटी खाली बसतो.

एकच तक्रार. धुकं लई दाखवलंय. पाचही भाग नुसतं धुकं. टीव्हीला नाक लावून बसते म्हणून सगळे ओरडतात, पण काय करणार, धुक्यातनं माणूस शोधावा लागतो.

पैज लावते. देवकी निर्दोष निघाली तर तू सोलापूरला यायचं. दोषी निघाली तर मी बार्शीला येते आणि आठवडाभर तुझ्या सुनेच्या हातचं निमूट खाते. यापेक्षा मोठी शिक्षा मला सुचली न्हाय.

भीमाबाई (अंगठा)


बार्शी
९ नोव्हेंबर

भीमाक्का,

सलाम. पत्र मिळालं. माझ्या सुनेनं पण वाचलं. ती म्हणते, येऊ द्या मावशींना, मी वाट बघते. तेव्हा जपून.

तू म्हणतेस आवाज ऐक. अक्का, मला तर कयामतीचा कर्णा पण कुणीतरी हलवून सांगावा लागेल. मी मालिका बघते ती तोंडं बघून. खाली अक्षरं पळतात ती इंग्रजी, आणि माझी चौथी इयत्ता मराठीतली. सबा आधी कानाशी ओरडून सांगायची, 'दादी, तो असं म्हणाला, ती तसं म्हणाली.' मी तिला गप केलं. तोंड काय म्हणतं ते मला आधीच कळलेलं असतं.

आणि मी सांगते, देवकी दोषी. शंभर टक्के. तिचे डोळे बघितलेस? फौजदार दारात आला की तिचे डोळे आधी त्याच्या हाताकडं जातात, मग चेहऱ्याकडं. ज्याला काही लपवायचं असतं तो समोरच्याचे हात बघतो. सहाव्या भागात तर तिनं पिठाच्या डब्यातून नवऱ्याची अंगठी काढली, बघितली, परत पिठात दाबली. अंगठी बोटात घालून गेलेला माणूस दरीत, आणि अंगठी पिठात? यावर तुझं काय म्हणणं आहे ते आधी सांग. आवाजाबिवाजाचं नंतर.

उमरला मालिका कळत नाही. तो फक्त जीप बघतो. म्हणतो, त्या घाटात त्या जीपचा ब्रेक असा लागतच नाही.

चटणी पाठव. इथल्या शेंगाचटणीला तेल सुटत नाही.

हुसेनबी


सोलापूर
१६ नोव्हेंबर

हुसेनबी, हुसेनबी, हुसेनबी!

बस खाली. बसलीस? हातात चहा असेल तर ठेव. मला सगळं कळलं. आख्ख्या महाराष्ट्रात कुणाला कळलं नसेल ते बुधवार पेठेत मला कळलं!

राघवन मेलेला न्हाय. राघवन आणि तो फौजदार एकच आहे!

परवाच्या सातव्या भागात देवकीला जुनं आठवतं, राघवन तिला म्हणतो, "दार उघडं ठेव, मी येतो." आणि मग लगेच फौजदार येऊन म्हणतो, "दार उघडं का ठेवलंय?" तोच आवाज! तोच घोगरा, तोच शब्द गिळायची सवय, तसंच बोलायच्या आधी खाकरणं. मी ताडकन उठून बसले. म्हटलं, अरे चोरा, तू स्वतःच स्वतःला शोधतोयस! म्हणजे बघ, जीप यानंच ढकलली, तोंड बदलून घेतलं, हल्ली डॉक्टर करून देतात, आणि फौजदार होऊन रोज घरी यायला लागला. का? तर बायको आपल्यामागं रडते का, बघायला. सगळी चौकशी म्हणजे बायकोची परीक्षा. काय डोकं लावलंय लिहिणाऱ्यानं! तोंड बदलता येतं गं, आवाज न्हाय बदलता येत.

बुद्धप्रिया लिहिता लिहिता हसतेय. म्हणते, "आई, कायतरीच काय!" मी म्हटलं, तू गप लिही. तू कामावरून येतेस, पहिल्या जाहिरातीला घोरायला लागतेस, तुझी साक्ष धरायची न्हाय. धर्मपाल म्हणतो, आईला गंमत सुचलीय. हसू दे त्यांना. शुक्रवारी शेवटचा भाग आहे, तेव्हा सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतील.

अंगठीचं काय ते मला आठवत न्हाय. पिठात काय सापडलं असेल तर असेल. आणि तेवढ्या धुक्यात तुला बरी अंगठी दिसली!

चटणी दिलीय उमरकडं. सूनबाईनं कांडलीय, तिखट जरा कमी आहे, माझ्यासारखं तिला जमत न्हाय. (लिही की. खरं तेच सांगतेय.)

भीमाबाई (अंगठा)


बार्शी
१८ नोव्हेंबर

अक्का,

टेम्पोची वाट न बघता हे पत्र सोलापूरला निघालेल्या शेजाऱ्याच्या हातानं पाठवते आहे.

राघवन उंच, काटकुळा, डोक्यावर केसांचं जंगल. फौजदार बुटका, टकला, पोट पट्ट्याच्या बाहेर. त्यांना एक समजायला आंधळंच असावं लागतं.

हे वाक्य लिहिलं आणि माझा हात थांबला. तुझी सगळी पत्रं काढून परत वाचली. धुकं, म्हणतेस. अक्का, धुकं पहिल्या भागात होतं. तेवढंच. त्यानंतर सगळीकडं लख्ख ऊन आहे. चहाचे मळे असे हिरवेगार की सबा उठून टीव्हीला हात लावते. अंगठी तर पडद्याएवढी मोठी दाखवली होती.

तुला दिसत नाही. आणि तू घरात कुणाला सांगितलं नाहीस.

मला ठाऊक आहे, हे पत्र बुद्धप्रिया तुला मोठ्यानं वाचून दाखवतेय. ठाऊक आहे म्हणूनच लिहिते. बुद्धप्रिया, बेटा, वाचायचं थांबू नकोस. तुझ्या सासूला दाराशी ने, समोरच्या घरावरचा झेंडा कुठल्या रंगाचा ते विचार, आणि उद्याच डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन जा.

अक्का, तू का लपवलंस तेही मला कळतं. तुझी बहीण रंभाबाई आपल्या मधेच बसून विड्या वळायची. कुठल्याशा मोतीबिंदूच्या शिबिरातून ती डोळ्याला पट्टी बांधून आली, आणि पट्टी सुटली तरी तिचा अंधार सुटला नाही. तिला हाताला धरून तूच नळावर न्यायचीस. मी विसरले नाही. पण त्याला किती वर्षं झाली? आता माणसं सकाळी जातात, दुपारी घरी येऊन जेवतात.

रागव माझ्यावर. मला काही ऐकू येणार नाही.

हुसेनबी


सोलापूर
२३ नोव्हेंबर

हुसेनबी,

चहाडखोर! चहाडी पण कशी, तर माझीच माझ्या सुनेच्या तोंडून मला ऐकवली! चाळीस वर्षं एका सुपात तंबाखू घेतला, त्याचं हे फळ.

तुझं पत्र वाचता वाचता बुद्धप्रिया मधेच गप झाली. मी म्हटलं, काय गं, अक्षर लागत न्हाय का? तर हिच्या डोळ्याला पाणी. मला दाराशी उभं केलं. झेंडा म्हणे. मी म्हटलं, निळा. बुधवार पेठेत झेंडा निळाच असणार, ते सांगायला डोळे कशाला लागतात? तर म्हणते, "आई, झेंडा कालच उतरवलाय, धुवायला." हरले.

मग काय, धर्मपाल आला, बसला डोक्याला हात लावून. "आई, तू फौजदाराचं बोललीस तेव्हा मला वाटलं गंमत करतेस." हे बघ, जन्मभर थट्टा केली त्याची ही शिक्षा. खरंच चुकले तरी कुणाला खरं वाटत न्हाय. सूनबाईला सगळं मागचं आठवायला लागलं, खिरीत मीठ, उलटी साडी, पावलांवरून माणूस ओळखणं. मी म्हटलं, मागचं उकरू नको, खीर तू पण गप खाल्लीस की.

दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू. दोन्ही. डॉक्टरीण पोरगीच आहे, म्हणते, "आजी, पिकून फुटायला आलाय, आत दाब वाढतोय. अजून थांबलात तर मग माझ्याही हातात काही राहणार नाही." मी म्हटलं, बघू. घरी आले आणि सांगून टाकलं, मी करणार न्हाय. रंभाक्कानं पण 'बघू'च म्हटलं होतं, तिनं शेवटी केलं आणि बघायचंच राहून गेलं. मला निदान धुकं तरी दिसतं.

आता राग बाजूला ठेवून एक सांग. शेवटच्या भागाचं काय झालं? आमच्या टीव्हीचा आवाजच गेला! ऐन वेळी! देवकी कपबश्या मांडते, एवढं वाजलं, आणि पुढं सगळं गुपचूप. मी ओरडले, "धर्मपाल, आवाज वाढव." तो म्हणतो, वाढवलाय. त्यातच आमच्या दाराची कडी वाजली, कुणीतरी खाकरलं. मी म्हटलं, कोण आहे? कुणीच उत्तर देईना. सगळे पडद्याकडं बघत बसलेले. मग एकदम ते संपल्याचं गाणं लागलं. बुद्धप्रिया रडतेय, धर्मपाल, जो अर्धा तास चहा गाळला म्हणून बोंबलत होता, तो म्हणतो, "वा!" कशाला वा? विचारलं तर दोघांचं एकमेकांशी पटेना. तो म्हणतो एक, ती म्हणते दुसरं. तू सांग. देवकीनं मारलं का न्हाय?

भीमाबाई (अंगठा. रागानं लावलाय, शाई पसरली.)


बार्शी
२६ नोव्हेंबर

अक्का,

सांगणार नाही.

तुमच्या टीव्हीचा आवाज गेला नव्हता. सबानं शपथेवर सांगितलं, शेवटी कुणी एक शब्द बोलतच नाही. सगळं देवकीच्या चेहऱ्यावर आहे. आठ भाग जे झाकलं ते त्या एका चेहऱ्यावर उघडं पडतं. मी पेपरवाले आणि बक्षीसवाले यांना आजपर्यंत हसत होते. त्या चेहऱ्यासाठी त्यांना माफ केलं.

मला विचारशील तर शेवटी बाईचं डोकं फिरलं. खोलीत कुणी नाही, समोर दोन कप, आणि ही एकटीच... नाही. पुढचं नाही सांगत. तू रागाव, भांड, चटणी बंद कर. या शेवटाला कान उपयोगाचे नाहीत, डोळेच लागतात. आणि मी तुला कुणाच्या तोंडून तो शेवट मिळू देणार नाही. धर्मपाल आणि बुद्धप्रियाला माझी शपथ घातली आहे.

तारीख ठरव. मी येते. दवाखान्यात तुझ्याशेजारी बसते. रंभाबाईबरोबर त्या दिवशी कुणी गेलं नव्हतं, आठवतं? तिचा हात धरायला आपण दोघी पाहिजे होतो, पण त्या दिवशी विड्या द्यायच्या होत्या. या वेळी काही द्यायचं नाही.

हुसेनबी


सोलापूर
३० नोव्हेंबर

हुसेनबी,

ये. भाकरीचं पीठ जास्त मळायला सांगते.

भीमाबाई (अंगठा)


सोलापूर
२८ डिसेंबर

हुसेनबीस,

जय भीम, सलाम, आणि शिव्या. एवढ्या क्रमानं घे.

पट्टी सुटली, काळा चष्मा सुटला, आणि काल डॉक्टरणीनं टीव्ही बघायची परवानगी दिली. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं संक्रांतीनंतर. पण या एका डोळ्यानंच सगळ्यांची झोप उडवलीय. बुद्धप्रियाला म्हटलं, माळ्याच्या कोपऱ्यात जाळी आहे. ती म्हणते, "आई, तुम्हाला दिसत नव्हतं तेच बरं होतं." धर्मपालचे केस पिकलेत गं! कधी पिकले? मला कुणी सांगितलंच न्हाय. आणि आरशात एक म्हातारी माझ्याकडं बघत होती. मी तिला म्हटलं, कोण पाहिजे?

आधी तुझं एक. माझा हात धरायला आलीस, बरं केलंस. आत जाईपर्यंत सोडला न्हाईस, नखं रुतवलीस, त्यांची खूण अजून आहे. पण मी आत गेल्यावर काय केलंस ते मला परवा बुद्धप्रियानं सांगितलं. ती खाली औषधं आणायला गेली, आणि नर्स बाहेर येऊन ओरडतेय, "भीमाबाईंच्या सोबत कोण आहे? भीमाबाईंच्या सोबत कोण?" आणि तू तिच्यासमोर बसून तस्बीहची माळ ओढतेयस! नर्सला वाटलं म्हातारी एकटीच आली. मी आत हिरव्या कपड्याखाली पडून ऐकतेय आणि मला वाटलं, हुसेनबी गेली सोडून. रंभाक्काचं तोंड डोळ्यापुढं आलं. आतून ओरडावंसं वाटलं, पण डॉक्टरीण म्हणाली हलायचं न्हाय. तू तिथंच होतीस. पण असून न्हाय. हे तुला त्या वेळी बोलले न्हाय. आता बोलते.

आता शेवट. काल सगळ्यांना पडद्यामागं बसवलं, म्हणजे पडद्यापुढं, माझ्यामागं. आधी पहिल्या भागापासून थोडं थोडं बघितलं. अगं, पहिला भाग सोडला तर धुकं न्हाईच की! एवढं ऊन! आणि फौजदार खरंच टकला आहे. मी त्याला मनात देखणा केला होता, घोर निराशा झाली. बुद्धप्रिया म्हणते, मराठी करताना दोघांना एकाच माणसाचा आवाज दिलाय, कमी खर्चात. मी म्हटलं, त्या माणसाला भेटायला पाहिजे, त्यानं मला फसवलं.

मग देवकी. तू म्हणालीस तो चेहरा. हुसेनबी, काय बाई आहे ती! दोन कप मांडते, खुर्चीत बसते, काही बोलत न्हाय. कपाळावरची शीर हलते ती पण दिसली. आणि तेवढ्यात कडी वाजली.

वाजली!

त्या दिवशी मला वाटलं होतं आमच्या दाराची. आमच्या दाराची न्हवती गं, तिच्या दाराची होती! तिच्या समोर दार आहे, आपल्याला दाखवत न्हाईत, फक्त आवाज. कडी निघते, आणि कुणीतरी खाकरतं. खोलीत कुणी न्हाय, म्हणतेस? कुणीतरी आत आलंय! तुला ते कळलंच न्हाय. तू नुसता चेहरा बदललेला बघितलास आणि बाई वेडी झाली म्हणून मोकळी झालीस. सबाला विचार, तिनं कडी ऐकली का. ऐकली असेल, पण तूच तिला गप बसवलंस की, 'मला सांगू नको' म्हणून.

आता खाकरणं कुणाचं? राघवनचं का फौजदाराचं? आवाज तर एकच. धर्मपाल म्हणतो राघवन परत आला. बुद्धप्रिया म्हणते फौजदार, पकडायला. दोघं काल रात्री जेवताना भांडले, भाजी राहून गेली. पण मला कळलं. कडी वाजते तेव्हा देवकीचे डोळे आधी कुठं जातात ते बघितलं की कळतं. तूच सांगितलं होतंस, समोरच्याचे हात, मग चेहरा. मी तेच धरून बघितलं. माझी खात्री झाली. कोण आलं, ते मला ठाऊक आहे.

सांगणार न्हाय.

रागव, भांड, तुझ्या सुनेला माझ्यावर सोड. तू मला काय म्हणालीस? कुणाच्या तोंडून मिळू देणार न्हाय म्हणालीस ना? मग तू पण कडी स्वतःच्या कानानं ऐकायची. उमरला मी सांगितलंय. तो म्हणतो, अम्मीला कानाचं यंत्र घ्यायला दोन वर्षं मागं लागलोय, ती म्हणते, त्यात मुंग्या घुसल्यासारखं वाटतं. घुसू देत. माझ्या डोळ्यात अख्खं भिंग घुसवलंय, मी काय म्हटलं का? हितं दवाखान्यात कानाचा डॉक्टर आहे, डोळ्याच्या वरच्या मजल्यावर. नाव घालून आलेय तुझं. यंत्र बसल्यावर खाली यायचं, माझ्या दुसऱ्या डोळ्याच्या वेळी बाकावर बसायचं, आणि नर्सनं 'भीमाबाईंच्या सोबत कोण' असं विचारलं की पहिल्या हाकेला 'मी' म्हणायचं. मला आत ऐकू यायला पाहिजे.

मग घरी येऊन दोघी मिळून शेवट बघू. पूर्वी गुरुशांतच्या दुकानातला टीव्ही बाहेर बसून बघायचो तसं. तेव्हा तू ऐकून मला सांगायचीस आणि मी बघून तुला, कारण पडद्यापुढं जागा एकीलाच मिळायची, दुसरी बाजूला भोंग्यापाशी. आता दोघींना पुढं बसवते.

पैज कोण जिंकलं ते तेव्हाच ठरेल. बुद्धप्रियानं तुझ्यासाठी आतापासून आठवड्याच्या भाज्या ठरवल्यात. घाबरू नकोस, मी आता मीठ बघून घालते.

भीमाबाई

ता. क. खाली अंगठा लावताना आज नीट बघितला. मला वाटायचं, विड्या वळून वळून त्याच्या रेषा गेल्या असतील. सगळ्या आहेत की.